लिनक्सवर गेमसाठी ठेवलेली दुसरी डिस्क का रुसते?

विचारणाऱ्यांची अडचण थोडक्यात अशी. मशीनमध्ये एसएसडीवर लिनक्स आहे. विंडोजच्या काळात वापरलेली दोन टेराबाइटची हार्ड डिस्क आता फक्त गेमसाठी ठेवायची आहे आणि ती अजून एनटीएफएसमध्येच, म्हणजे विंडोजच्या फाइलसिस्टिममध्येच (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) आहे. स्टीम या गेम उतरवायच्या अ‍ॅपमध्ये तिच्यावर लायब्ररी केली, गेम उतरवले. पण कधीकधी मशीन सुरू केल्यावर सगळ्या गेमपुढे पुन्हा ‘इन्स्टॉल’ दिसतं. लिनक्ससाठी बनलेले गेम चालतात, प्रोटॉनवरचे (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी स्टीमची सोय) मात्र ‘प्ले’ दाबल्यावर क्षणभर हलतात आणि मुकाट बंद पडतात. अपडेट मध्येच ‘डिस्क राइट एरर’ म्हणून थांबतं. परवानग्या बदलून पाहिल्या, फरक नाही. डिस्क बदलावी का?

इतक्यात बदलू नका. ही तिन्ही दुखणी बहुतेक वेळा डिस्क माउंट कशी होते, म्हणजे एखाद्या फोल्डरच्या जागी कशी जोडली जाते, यातून येतात. कोण माउंट करतं, कुठे करतं, कोणत्या पर्यायांसह करतं, आणि स्टीम उठायच्या आधी करतं की नंतर. स्टीमच्या लायब्ररीला चार गोष्टी लागतात: पत्ता रोज तोच हवा, फोल्डर तुमच्या मालकीचं हवं, तिथल्या फाइली चालवायची मुभा हवी, आणि फाइलसिस्टिमवर सिम्लिंक (दुसऱ्या फाइलीकडे किंवा फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) करता यायला हवेत. यातलं काहीही हुकलं तरी स्टीम तेच दोन-तीन मोघम संदेश दाखवतं, म्हणून लोक परवानग्यांच्या मागे लागतात आणि खरं कारण बाजूला राहतं.

खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांतच टाका; जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी डिस्कची तब्येत पाहून घेऊ, म्हणजे ती शंका डोक्यातून जाईल. ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए’ आणि पुढे डिस्कचं नाव, उदाहरणार्थ ‘/डेव्ह/एसडीबी’. येणाऱ्या लांबलचक तक्त्यातल्या चार ओळी बघा. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे दुसरीकडे हलवलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट पाहणारे, १९८ म्हणजे दुरुस्त न झालेले. या तिन्हींचा शेवटचा रकाना, कच्चा आकडा, शून्य असेल तर बरं. १९७ शून्य नसेल आणि वाढत असेल, तर पुढचं काही वाचू नका, आधी सेव्ह केलेले गेम दुसरीकडे उचला. चौथी ओळ १९९, सीआरसी एरर. ती वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क निर्दोष आणि साटा केबल दोषी असते. केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावून बघा. मात्र हा आकडा कधी मागे येत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो जिथल्या तिथे थांबला का, एवढंच पाहायचं. डिस्क यूएसबी केसमध्ये असेल आणि स्मार्टची (डिस्कने स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद) माहितीच येत नसेल तर आज्ञेत ‘-डी सॅट’ जोडून पाहा.

त्याच जोडीला ‘जर्नलसीटीएल -के -बी’ चालवून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काय बडबडतोय ते वाचा. ‘आय/ओ एरर’ दिसला, किंवा साटाची लिंक पुन्हा पुन्हा रिसेट झाल्याच्या ओळी दिसल्या, तर प्रश्न हार्डवेअरचा. तसं काही नसेल तर डिस्कला दोष देणं थांबवा आणि पुढे चला.

आता ‘गेम गायब’ होण्याचं कारण. तुम्ही फाइल मॅनेजरमध्ये डिस्कच्या चिन्हावर टिचकी मारून ती उघडता का? तसं असेल तर कारण तिथेच सापडलं. तो माउंट यूडिस्क्स नावाची सेवा तुमच्या नावाने, तेवढ्यापुरता करते. डेबियन आणि उबुंटूत जागा ‘/मीडिया/तुमचं नाव/डिस्कचं लेबल’ अशी असते, फेडोरा आणि आर्चमध्ये ‘/रन/मीडिया’खाली. मशीन पुन्हा सुरू केलं की टिचकी मारेपर्यंत डिस्क माउंट होत नाही. स्टीम लॉगिनबरोबर आपोआप सुरू होत असेल तर ते आधी उठतं, लायब्ररीच्या पत्त्यावर जातं, तिथे काही नाही म्हणून सगळे गेम उतरवायचे राहिलेत असं समजतं. कधीकधी आणखी एक गंमत होते. जुन्या पत्त्यावर रिकामं फोल्डर उरलेलं असतं, म्हणून नवा माउंट लेबलापुढे १ लावून होतो. डिस्क डोळ्यांसमोर उघडी, गेम आत दिसताहेत, आणि स्टीमला मात्र काही सापडत नाही.

अशा वेळी घाईने ‘इन्स्टॉल’ दाबू नका. रिकाम्या फोल्डरवर लिहायची मुभा असेल तर शंभर जीबीचा गेम थेट तुमच्या एसएसडीवर उतरतो, रूट विभाजन (जिथे लिनक्स स्वतः राहतं) गच्च भरतं, आणि डिस्क परत माउंट झाली की तो गेम तिच्याखाली झाकला जातो. मग जागा कुठे गेली हे शोधताना भलेभले चक्रावतात.

उपाय एकच, ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये, म्हणजे सुरू होताना कोणती डिस्क कुठे माउंट करायची या यादीत, कायमची नोंद. ती लिहिण्याआधी डिस्कवर कोणती फाइलसिस्टिम ठेवायची ते ठरवायला हवं, कारण तुमचं दुसरं दुखणं, प्रोटॉनचं, तिथून येतं.

प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं बनावट विंडोज उभं करतो. ते लायब्ररीतल्या ‘स्टीमअ‍ॅप्स/कॉम्पॅटडेटा’ फोल्डरात, गेमच्या क्रमांकाखाली राहतं. त्यात ‘डॉसडिव्हायसेस’ नावाचं फोल्डर असतं आणि त्याच्या आत ‘सी:’, ‘झेड:’ अशा नावांचे सिम्लिंक. हा विसर्गासारखा दिसणारा कोलन विंडोजच्या नियमाने फाइलच्या नावात चालत नाही. काही ठिकाणी यूडिस्क्स एनटीएफएस माउंट करताना ‘विंडोज_नेम्स’ हा पर्याय लावतं, म्हणजे विंडोजला न चालणारी नावं बनवूच द्यायची नाहीत. झालं, ‘सी:’ बनत नाही, बनावट विंडोज उभं राहत नाही, गेम न बोलता बंद. तो पर्याय नसेल तर लिंक बनतात आणि गेम चालतोही, पण पुढे कधी विंडोजने तीच डिस्क तपासली की त्याला ती नावं बिघाड वाटतात. लिनक्ससाठीच्या गेमना या बनावट विंडोजची गरजच नसते, म्हणून ते तुमच्याकडे बिनबोभाट चालतात.

दुसरी शक्यता मालकीची. एनटीएफएस माउंट करताना मालक सांगितला नाही तर सगळ्या फाइली रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्याच्या, दिसू शकतात. प्रोटॉनच्या पोटातलं वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारा भाग) अशा वेळी हे फोल्डर तुमच्या मालकीचं नाही म्हणून चालायलाच नकार देतं. इथे मालक बदलणारं ‘सीएचओन’ आणि परवानग्या बदलणारं ‘सीएचमॉड’ चालवून उपयोग होत नाही. एनटीएफएसवर लिनक्सचे मालक आणि परवानग्या सहसा माउंटच्या वेळी दिलेल्या ‘यूआयडी’, ‘जीआयडी’ आणि ‘यूमास्क’वरून ठरतात. तुम्ही सगळ्या परवानग्या देऊनही फरक पडला नाही, त्याचं कारण हेच.

नेमकं काय होतंय ते अंदाजाने ठरवायचं कारण नाही. गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या लाँच ऑप्शन्समध्ये ‘प्रोटॉन_लॉग=१ %कमांड%’ टाका. यातलं ‘प्रोटॉन_लॉग’ इंग्रजी मोठ्या अक्षरांत, ‘कमांड’ लहान अक्षरांत, आणि आकडाही इंग्रजी. गेम एकदा चालवून पडू द्या. तुमच्या होम फोल्डरमध्ये ‘स्टीम-’ आणि पुढे गेमचा क्रमांक अशा नावाची लॉग फाइल तयार होते. परवानगी, मालकी किंवा सिम्लिंकचा उल्लेख आला की समजा निदान बरोबर आहे. ग्राफिक्स ड्रायव्हरबद्दलची रड असेल तर डिस्कचा यात काही संबंध नाही.

‘डिस्क राइट एरर’चं मूळही एनटीएफएसमध्येच असण्याची दाट शक्यता आहे. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर बंद करताना ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि विभाजनावर ‘काम अपुरं आहे’ अशी खूण सोडून जातं. डिस्क दुसऱ्या मशीनमधून काढून आणली असेल किंवा वीज गेली असेल तरीही अशी खूण राहते. लिनक्सचे दोन प्रचलित एनटीएफएस ड्रायव्हर तिच्याशी वेगळे वागतात. जुना एनटीएफएस-३जी बऱ्याचदा डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट करतो. म्हणजे सगळं दिसतं, लिहिता काही येत नाही. कर्नलमध्ये ५.१५ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून असलेला एनटीएफएस३ माउंट करायलाच नकार देतो आणि लॉगमध्ये विभाजन ‘डर्टी’ असल्याचं लिहितो. तुमच्याकडे कोणता आहे ते ‘फाइंडएमएनटी’ दाखवतं. प्रकाराच्या रकान्यात ‘फ्यूजबीएलके’ असेल तर जुना, ‘एनटीएफएस३’ असेल तर नवा. पर्यायांच्या रकान्यात पहिलाच शब्द ‘आरओ’ (फक्त वाचण्यापुरती) दिसला, की राइट एरर का येते ते वेगळं सांगायला नको. विंडोज हाताशी असेल तर त्यात फास्ट स्टार्टअप बंद करून ‘चेकडिस्क’ चालवणं सर्वांत चांगलं. नसेल तर ‘एनटीएफएसफिक्स -डी’ ती खूण पुसतं, पण त्याची दुरुस्ती वरवरची असते, त्यावर फार भिस्त ठेवू नका.

माझं मत विचाराल तर ही डिस्क आता विंडोजला लागणार नसेल तर एनटीएफएसला जुगाड लावत बसू नका. लिनक्सची स्वतःची फाइलसिस्टिम, ईएक्सटी४, करून टाका. विंडोजबरोबर वाटून घ्यायची सक्तीच असेल तर ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डर एसएसडीवर ठेवून त्याचा सिम्लिंक एनटीएफएसवर द्यायचा, हा मार्ग चालतो, पण दर काही महिन्यांनी तो कुठेतरी कुरकुरतोच. एक्सफॅटच्या वाटेला तर जाऊच नका. तिथे सिम्लिंक बनत नाहीत आणि परवानग्याही नाहीत, म्हणजे प्रोटॉनला पाय ठेवायलाच जागा नाही.

फॉरमॅट करण्याआधी एक गोष्ट मात्र नीट करा. पुष्कळ गेमचे सेव्ह क्लाउडवर जात नाहीत. प्रोटॉनवर खेळलेल्या गेमचे सेव्ह बहुतेक ‘कॉम्पॅटडेटा’मध्ये, गेमच्या क्रमांकाखाली ‘पीएफएक्स/ड्राइव्ह_सी/यूजर्स/स्टीमयूजर’ या वाटेवर असतात. ‘कॉम्पॅटडेटा’ अख्खंच एसएसडीवर कॉपी करून ठेवा, फार मोठं नसतं. गेमच्या मूळ फाइली वाचवायच्या असतील तर ‘स्टीमअ‍ॅप्स’मधलं ‘कॉमन’ फोल्डर आणि त्याच्या शेजारच्या ‘अ‍ॅपमॅनिफेस्ट’ने सुरू होणाऱ्या छोट्या फाइली, दोन्ही घ्या. त्या छोट्या फाइलींवरूनच कोणता गेम इथे आहे हे स्टीमला कळतं. फक्त ‘कॉमन’ उचललं तर सगळं पुन्हा उतरवायची तयारी ठेवा, किंवा प्रत्येक गेमला ‘इन्स्टॉल’ म्हणून असलेल्या फाइली शोधू द्या.

मग ‘एलएसबीएलके -एफ’ने विभाजनाचं नाव दोनदा खात्री करून बघा, डिस्क अनमाउंट करा आणि ‘सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ -एम ० -एल गेम्स’ आणि पुढे ते विभाजन. यात पहिला पर्याय लहान ‘एम’, दुसरा मोठा ‘एल’. ‘-एम ०’ विसरू नका. ईएक्सटी४ मुळात पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. रूट विभाजनावर ते शहाणपणाचं आहे, पण दोन टेराबाइटच्या गेमच्या डिस्कवर जवळपास शंभर जीबी उगाच अडकतात. आधीच ईएक्सटी४ केलेली असेल तर ‘ट्यून२एफएस -एम ०’ने तीच जागा मोकळी होते, फॉरमॅट लागत नाही.

मॉड घालून खेळणाऱ्यांसाठी एवढंच की कर्नल ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, ईएक्सटी४मध्ये ‘केसफोल्ड’ आहे. फॉरमॅट करताना ‘-ओ केसफोल्ड’ द्यायचं (हा ‘ओ’ मोठा) आणि नंतर रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचअ‍ॅटर +एफ’ (हा ‘एफ’ही मोठा). मग त्या फोल्डरात लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद राहत नाही. विंडोजवर बनलेले मॉड एकदा ‘डेटा’ मोठ्या अक्षराने आणि एकदा लहान अक्षराने लिहितात, तेव्हा होणारी दोन-दोन फोल्डरं यामुळे टळतात. मॉड वापरत नसाल तर याची गरज नाही, वाइन ते आपल्या पातळीवर सांभाळतं.

आता एफएसटॅब. ‘/एमएनटी/गेम्स’ असं फोल्डर करा आणि डिस्क माउंट करण्याआधी त्याच्यावर ‘सुडो सीएचअ‍ॅटर +आय’ चालवा. यामुळे रिकाम्या फोल्डरवर कोणालाही, रूटलासुद्धा, काही लिहिता येत नाही. डिस्क मात्र त्यावर व्यवस्थित माउंट होते. एसएसडी गच्च भरण्याचा वर सांगितलेला प्रकार यानंतर घडूच शकत नाही.

एफएसटॅबच्या ओळीत सहा रकाने. पहिल्यात ‘यूयूआयडी=’ (हे मोठ्या अक्षरांत) आणि ‘एलएसबीएलके -एफ’ने दाखवलेला यूयूआयडी, म्हणजे विभाजनाचा ओळखक्रमांक. तिथे ‘एसडीबी१’ लिहू नका, एखादी पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं तरी ही नावं इकडची तिकडे होऊ शकतात. दुसऱ्यात ‘/एमएनटी/गेम्स’, तिसऱ्यात ‘ईएक्सटी४’. चौथ्यात ‘डिफॉल्ट्स,नोएटाइम,नोफेल,एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस’, मध्ये जागा न सोडता. शेवटचे दोन ० आणि २.

यातलं ‘नोफेल’ फार मोलाचं. ते नसेल आणि एके दिवशी केबल सैल झाली, तर सिस्टिमडी (मशीन सुरू होताना सगळ्या सेवा उठवणारी व्यवस्था) दीड मिनिट डिस्कची वाट पाहतं आणि मग तुम्हाला काळ्या पडद्यावरच्या आणीबाणीच्या मोडमध्ये आणून सोडतं. गेमच्या डिस्कपायी अख्खं मशीन अडून बसावं असं काही नाही. ‘नोफेल’मुळे मशीन डिस्कसाठी थांबत नाही, त्यामुळे स्टीम लॉगिनबरोबर सुरू होत असेल आणि डिस्क फिरायला वेळ घेत असेल तर स्टीमची ती आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवा.

बरेच जण पर्यायांत ‘यूजर’ किंवा ‘यूजर्स’ लिहितात, म्हणजे रूटशिवाय माउंट करता येईल. त्याने न सांगता ‘नोएक्झेक’ही लागू होतं, म्हणजे त्या डिस्कवरची कोणतीही फाइल चालवता येत नाही. स्टीम लायब्ररी जोडताना फाइली चालवण्याची परवानगी असलेली जागा द्या असं म्हणत असेल तर कारण नव्वद टक्के हेच. उपाय म्हणून ‘एक्झेक’ लिहिताना क्रम पाळा. ‘यूजर,एक्झेक’ चालतं, ‘एक्झेक,यूजर’ चालत नाही, कारण नंतरचा पर्याय आधीच्याला रद्द करतो.

ओळ लिहून झाली की मशीन लगेच रीस्टार्ट करू नका. ‘सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ ओळीतल्या चुका दाखवतं. मग ‘सुडो सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड’ आणि ‘सुडो माउंट -ए’. चूक असेल तर इथेच कळेल. डिस्क माउंट झाल्यावर, आणि झाल्यावरच, ‘सुडो सीएचओन’, तुमचं नाव आणि ‘/एमएनटी/गेम्स’. नव्या ईएक्सटी४चं मुख्य फोल्डर रूटच्या मालकीचं असतं, ते तुमच्या नावावर करण्यापुरतं हे. ही मालकी डिस्कवरच लिहिली जाते, त्यामुळे एकदाच करायचं. सगळ्यांना सगळ्या परवानग्या देण्याची गरज नाही, आणि स्टीम सुडोने चालवायचा विचारही नको. रूट म्हणून चालायला ते स्वतःच नकार देतं.

शेवटी स्टीमच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून ही नवी जागा जोडा आणि जुनी, आता अस्तित्वात नसलेली लायब्ररी काढून टाका. इथे ‘/एमएनटी/गेम्स’ दिसतच नसेल, किंवा रिकामं दिसत असेल, तर तुमचं स्टीम फ्लॅटपॅक किंवा स्नॅपमधून आलं आहे का ते बघा. ते कुंपणाच्या आत राहतं, बाहेरचं फोल्डर त्याला मुद्दाम दाखवावं लागतं. फ्लॅटपॅकसाठी ‘फ्लॅटपॅक ओव्हरराइड --यूजर --फाइलसिस्टिम=/एमएनटी/गेम्स’ आणि पुढे स्टीमचा फ्लॅटपॅक आयडी; आज्ञा नको असतील तर फ्लॅटसील नावाच्या अ‍ॅपमध्ये हेच काम होतं. स्नॅपसाठी ‘सुडो स्नॅप कनेक्ट स्टीम:रिमूव्हेबल-मीडिया’. दोन्हीकडे स्टीम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

राहिला वेग. फिरत्या डिस्ककडून एसएसडीची अपेक्षा ठेवू नका, पण दोन गोष्टी तपासण्यासारख्या आहेत. खेळताना अधूनमधून चित्र काही सेकंद गोठत असेल तर डिस्क रिकामी राहून झोपत असेल. ‘सुडो एचडीपार्म -सी’ (मोठा ‘सी’) तिची अवस्था सांगतं. ‘स्टँडबाय’ दिसलं तर ‘-बी २५४’ने (मोठा ‘बी’) तिची वीज वाचवण्याची सवय कमी करता येते. सगळ्या डिस्क हे ऐकत नाहीत. आणि अपडेटची सुरुवात झपाट्याने होऊन पुढे तो काही एमबीवर रांगत असेल तर डिस्क एसएमआर प्रकारची असण्याचा संभव आहे. यात चकत्यांवरचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे मधलं काही बदलायचं तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. स्टीमचे अपडेट म्हणजे मोठ्या फाइलींच्या मधल्या तुकड्यांची डागडुजी, अशा डिस्कची नेमकी दुखरी नस. घरगुती एसएमआर डिस्क आपण तशा आहोत हे लिनक्सला सहसा सांगत नाहीत, मॉडेल क्रमांकावरून उत्पादकाच्या माहितीपत्रकात बघावं लागतं. तसं निघालं तर सतत अपडेट होणारे ऑनलाइन गेम एसएसडीवर हलवा आणि एकदा उतरवून महिनोन्‌महिने खेळायचे गेम या डिस्कवर राहू द्या. वाचायला ती ठीक असते.

एवढं करूनही अडलं तर ‘एलएसबीएलके -एफ’, ‘फाइंडएमएनटी /एमएनटी/गेम्स’ आणि एफएसटॅबची ओळ, तिन्हींचं आउटपुट आणि प्रोटॉनच्या लॉगच्या शेवटच्या चाळीसेक ओळी पाठवा. स्टीम कुठून बसवलं तेही लिहा.